पाटी लावून जंगल वाचत नाही

जंगलातल्या सायकलच्या वाटांचा विषय निघाला की टोरंटोत दहा मिनिटांच्या आत कुणीतरी म्हणतंच, ‘बंद करून टाका सगळं.’ असं म्हणणारा माणूस बहुतेक वेळा सज्जन असतो. त्याला आवाजावरून पक्षी ओळखता येतात, तो खिशात चॉकलेटचा कागद घेऊन घरापर्यंत येतो. मला त्याच्याबद्दल आदर आहे, आणि त्याचं म्हणणं साफ चुकीचं आहे असं माझं मत आहे.

माझा या भांडणात स्वार्थ आहे, तो आधीच सांगतो. मी इथे सॉफ्टवेअर लिहितो आणि शनिवार-रविवारी डॉन नदीच्या खोऱ्यात माउंटन बाइक चालवतो. जाड, खाचांच्या टायरची, पुढे शॉक असलेली सायकल. ती चालवायची ती ‘सिंगलट्रॅक’वर, म्हणजे एकच माणूस किंवा एकच सायकल जाईल एवढ्या रुंदीच्या मातीच्या वाटेवर. तुमच्याकडे गडावर जाणारी पायवाट असते ना, तशीच, फक्त वळणं जास्त.

टोरंटो नकाशावर सपाट दिसतं, पण शहराच्या पोटातून दऱ्या गेल्या आहेत. इथे त्यांना रॅव्हिन म्हणतात. शहराच्या जमिनीचा साधारण १७ टक्के भाग, म्हणजे सुमारे ११,००० हेक्टर, या दऱ्यांनी व्यापलाय. एवढं जंगल तीस लाख वस्तीच्या शहरात शिल्लक राहिलं, त्यामागे कुणाची दूरदृष्टी होती असं वाटेल. खरं कारण पूर आहे. ऑक्टोबर १९५४ मध्ये हेझल नावाचं चक्रीवादळ आलं, नद्या फुगल्या, ऑन्टारिओ प्रांतात ८१ माणसं गेली. त्यानंतर नदीच्या पूरपट्ट्यात घरं बांधायला मनाई झाली आणि खोरी मोकळी राहिली. म्हणजे ज्याला आज आपण निसर्गाचं राखीव दान म्हणतो, ती मुळात एका दुर्घटनेनंतरची बांधकामबंदी आहे.

त्या खोऱ्यातलं क्रॉदर्स वुड्स हे जंगल माझ्या घरापासून सायकलने वीस मिनिटांवर आहे. ५२ हेक्टर. डॉनच्या पश्चिम उतारावर बीच, शुगर मेपल, ओक. त्यातली काही झाडं शंभरीच्या पुढची. १९९५ पासून ही जागा पर्यावरणदृष्ट्या महत्त्वाचं क्षेत्र म्हणून नोंदलेली आहे. मेच्या सुरुवातीला, झाडांना पानं फुटून सावली पडायच्या आत, जमिनीवर ट्रिलियमची पांढरी फुलं येतात. तीन पाकळ्या, तीन पानं. ट्रिलियमला बी रुजल्यापासून पहिलं फूल यायला सात-सात वर्षं लागतात, कधी त्याहून जास्त. एका चुकीच्या टायरने सात वर्षं जातात, हे मला मान्य आहे. डाव्याउजव्या बाजूला कशाला महत्त्व आहे ते मला कळत नाही असं समजू नका.

पण याच जंगलाचा शेजार बघा. पलीकडे डॉन व्हॅली पार्कवे हा हायवे आहे, १९६० च्या दशकात खोऱ्याच्या तळातून काढलेला. पायथ्याशी सांडपाणी शुद्धीकरण केंद्र आहे, १९२९ पासूनचं. वर सुपरमार्केट आहे. तिथे आधी अवजड यंत्रं विकणारी कंपनी होती, क्रॉदर्स हे नाव तिचंच. थोडं खाली डॉन व्हॅली ब्रिक वर्क्स, जिथल्या मातीच्या विटांनी कासा लोमा आणि मॅसी हॉल उभे राहिले. नदीचं म्हणाल तर १९६९ मध्ये पोल्यूशन प्रोब या संघटनेच्या लोकांनी डॉनची चक्क अंत्ययात्रा काढली होती. जुन्या वस्तीत पावसाचं पाणी आणि मैला एकाच पाइपातून जातात. मोठा पाऊस झाला की ते मिश्रण नदीत येतं. त्यासाठी २०१८ पासून शहराखाली २२ किलोमीटरचे बोगदे खणण्याचं काम चाललंय.

हे सांगण्यामागे ‘एवढं वाटोळं झालंच आहे तर आमचाही टायर चालवून घ्या’ असा माझा युक्तिवाद नाही. तो युक्तिवाद आळशी आहे. मला एवढंच म्हणायचंय की हे खोरं काचेच्या पेटीत कधीच नव्हतं. इथे जे टिकलं ते कुणी ना कुणी रोज सांभाळलं म्हणून टिकलं. आणि सांभाळणारी माणसं तिथे जायला हवीत, हाच माझा मुद्दा आहे.

आता मातीकडे येऊ. विटा बनल्या म्हणजे काय, तर या खोऱ्यात चिकणमाती आहे. कोरडी असताना ती सिमेंटसारखी घट्ट, ओली झाली की लोण्यासारखी. मार्च-एप्रिलमध्ये सगळ्यात वाईट अवस्था असते: वरचे चार बोटं बर्फ वितळलेला, खाली जमीन अजून गोठलेली. पाणी जिरायला जागाच नाही. त्या वेळी सायकल गेली की चाकाची चारी पडते, बूट गेला की खड्डा पडतो. रात्री ते गोठतं, दुसऱ्या दिवशी पुन्हा वितळतं, आणि पहिल्या चारीतून पाणी धावायला लागतं. जून उजाडेपर्यंत वाटेचा ओढा झालेला असतो.

लक्षात घ्या, माती वाहून नेलीय ती पाण्याने. चाकाने किंवा बुटाने त्याला रस्ता करून दिला. आणि पाण्याला रस्ता मिळतो तो सगळ्यात आधी कुठे? जिथे वाट सरळ उतारावरून खाली येते तिथे. माणसांनी आपल्या मनाने पाडलेल्या वाटा बहुतेक अशाच असतात, नाकासमोर. कुत्रा फिरवणारा असो, धावणारा असो, सायकलवाला असो, सगळ्यांना शॉर्टकट हवा असतो.

आपल्याकडच्या वाचकाला हे समजावून सांगायची गरज नाही. मी इंजिनिअरिंगला असताना, २०१७ च्या उन्हाळ्यात, वॉटर कपच्या श्रमदानाला गेलो होतो. ज्यांनी त्या काळात टिकाव-घमेलं हातात घेतलं त्यांना समपातळी चर म्हणजे काय ते माहीत आहे. डोंगराला आडवी रेघ मारायची, पाणी पळू द्यायचं नाही. चांगली सिंगलट्रॅक याच विचारावर बांधतात. फरक एवढाच की चरात पाणी थांबवायचं असतं, आणि वाटेवरून ते न थांबता, न धावता आडवं पलीकडे सरकवायचं असतं. इंटरनॅशनल माउंटन बायसिकलिंग असोसिएशनचं २००४ मध्ये एक पुस्तक आलं, वाट बांधणाऱ्या लोकांकडे ते असतंच. त्यातले नियम कुठल्याही शेतकऱ्याला पटतील असे आहेत. डोंगराचा आडवा उतार जेवढा, त्याच्या निम्म्याहून वाटेचा चढ जास्त नको. म्हणजे उतार ३० टक्के असेल तर वाट १५ टक्क्यांच्या आत. एकूण सरासरी १० टक्क्यांच्या आसपास. वाट बाहेरच्या बाजूला किंचित कललेली, म्हणजे पाणी कडेने उतरून जाईल. आणि थोड्या थोड्या अंतरावर वाटेला मुद्दाम एक हलकी खोलगट लाट द्यायची: आपण खाली जातो आणि लगेच वर येतो. सायकलवाल्याला मजा येते, पाण्याला तिथे वाट सोडावी लागते. एकाच आकारात दोन्ही कामं होतात. मला कोडमध्येसुद्धा इतकं नेटकं काही क्वचित लिहिता आलंय.

क्रॉदर्स वुड्समध्ये लोकांनीच वर्षानुवर्षं पाडलेल्या वाटांचं जाळं होतं. शहरापुढे दोन पर्याय होते. २००७ मध्ये या जंगलासाठी वाटांच्या व्यवस्थापनाचा आराखडा तयार झाला आणि त्यात निवड झाली ती दुसऱ्या पर्यायाची: ज्या वाटा टिकतील त्या सुधारायच्या, ज्या टिकणार नाहीत त्या बुजवायच्या, आणि कामात सायकलवाल्यांना घ्यायचं. आज तिथे सुमारे १० किलोमीटर मातीच्या वाटा आहेत. चालणारे, धावणारे, सायकलवाले एकाच वाटेवर असतात. पुढे २०१३ मध्ये साऱ्या शहरातल्या अशा नैसर्गिक वाटांसाठी धोरण आलं. कागदावर हे सगळं शहाणपणाचं आहे. पण दर दोन-तीन वर्षांनी कुठल्यातरी दरीबद्दल ‘बंद करा’ची लाट येते आणि आपण पुन्हा पहिल्या पायरीवर.

गेल्या गणपतीत आरतीनंतर मोदक खाता खाता एका काकांनी मला धरलं. काका तीस वर्षं इथे आहेत, रोज पहाटे खोऱ्यात चालायला जातात. म्हणाले, “अरे, जंगल आहे ते, सर्कस नाही. तुझ्या त्या उड्या मार की कुठेतरी पार्किंग लॉटमध्ये.” मी म्हटलं, “काका, तुम्ही चालता तीच वाट आहे की माझी.” “माझ्या बुटांना दात नाहीत,” काका म्हणाले. सगळे हसले. मीही हसलो, कारण वाक्य चांगलं होतं.

पण वाक्य चांगलं असलं तरी दातांचा हिशोब कुणीतरी करून पाहिलेला आहे. ग्वेल्फ विद्यापीठाच्या दोन संशोधकांनी, थर्स्टन आणि रीडर, ऑन्टारिओतल्याच बॉइन व्हॅली प्रांतिक उद्यानात हा प्रयोग केला. तेही नदीचं खोरं, तेही पानझडी जंगल. आधी कुणी न तुडवलेल्या पट्ट्यांवरून काही ठिकाणी फक्त चालणारे आणि काही ठिकाणी फक्त सायकली नेल्या, ५०० फेऱ्यांपर्यंत. त्यांचा निबंध २००१ मध्ये प्रसिद्ध झाला. झाडोरा दोन्हीकडे झपाट्याने मेला, माती दोन्हीकडे उघडी पडली. बूट आणि टायर यांच्यात लक्षात घेण्याजोगा फरक मिळाला नाही. नुकसान मधल्या रेषेपासून साधारण ३० सेंटिमीटरच्या आत राहिलं. आणि एक वर्ष मोकळं सोडल्यावर तुडवलेल्या पट्ट्यांत आणि न तुडवलेल्या पट्ट्यांत झाडोऱ्याचा मोठा फरक उरला नाही.

एका अभ्यासावर मी घर बांधणार नाही. ५०० फेऱ्या म्हणजे गजबजलेल्या वाटेवरचे थोडेच दिवस. त्या प्रयोगात कुणी मागचा ब्रेक करकचून दाबून घसरत वळण घेत नव्हतं, आणि मागचं चाक लॉक झालं की ते नांगरतं, हे मी स्वतः पाहतो. शिवाय सायकलवाला तासाभरात जेवढी वाट तुडवतो तेवढी चालणारा तीन तासांत तुडवतो. हे आक्षेप खरे आहेत. पण या सगळ्यावर उत्तर आहे ते वाटेच्या रचनेत: वळणं जवळ जवळ घ्या, वेग आपोआप कमी होतो, समोरचं दिसेल अशी झुडपं छाटा, लांब सरळ उतार ठेवूच नका. काकांची खरी तक्रार बहुधा टायरच्या दातांची नसावी. मागून अचानक कुणीतरी सूं करून अंगावर येतो, ती असावी. ती तक्रार शंभर टक्के रास्त आहे. पण तो शिष्टाचाराचा आणि वळणांचा प्रश्न आहे, ट्रिलियमचा नाही. दोन्ही एकात मिसळलं की काहीच सुटत नाही.

माझ्याच बाजूच्या लोकांबद्दल मी आता मऊ बोलणार नाही. आमच्यात एक जमात आहे, रात्री हेडलॅम्प लावून फावडी घेऊन जाते आणि उतारावर नवीन उड्या खणते. विचारलं तर म्हणते, या वाटा आमच्या आधीच्या लोकांनी बनवल्या, शहराने नाही, म्हणून आमचा हक्क. अरे, बनवल्या म्हणजे मालकी आली? माझ्या कंपनीत पाच वर्षांपूर्वी कुणीतरी कोड लिहून ठेवला आणि निघून गेला, त्याचं पाप आम्ही रोज फेडतो. बनवणं हा सोपा भाग आहे. त्या उडीखालची माती पहिल्या पावसात कुठे जाणार, झाडाचं मूळ उघडं पडलं तर ते कोण झाकणार, हे त्या हेडलॅम्पवाल्याला विचारा. तो पुढच्या मोसमात दुसऱ्या दरीत असतो. आणि एप्रिलमध्ये चिखलात सायकल काढून वर तिचा फोटो टाकणारे, मडगार्डपर्यंत माती लागलेली, खाली लाइक्सचा पाऊस. ती माती वाटेची होती ना? अशा लोकांना सायकल चालवण्यातलं काही कळत नाही असं मी म्हणणार नाही, छान चालवतात. पण त्यांच्या बाजूने मी कुठल्याही सभेत हात वर करणार नाही.

मग या लोकांसाठी तरी बंदी हवीच की, असं तुम्ही म्हणाल. इथेच सगळा घोटाळा आहे. ‘सायकलींना मनाई’ अशी पाटी लागली की पहिल्यांदा कोण थांबतं? जो पाट्या वाचतो तो. जो चिखलात जात नाही, घंटी वाजवतो, वर चढणाऱ्याला वाट देतो, शनिवारी मोफत फावडं मारायला येतो, तो. हेडलॅम्पवाला थांबत नाही. तो मुळात पाटीच्या वेळेला तिथे नसतोच. म्हणजे बंदीने जंगलातून काढून काय टाकलं, तर त्याची काळजी घेणारी माणसं. वाट मात्र तिथेच राहते. तिच्यावरून पाणी धावतच राहतं. तिच्यावर कोसळलेला ओंडका कुणी कापत नाही, मग लोक त्याला वळसा घालतात, आणि वळशाची नवी वाट होते, जिथे कदाचित ट्रिलियम होतं. डबक्याचंही तसंच. वाट सांभाळलेली नसेल तर प्रत्येक जण बूट वाचवायला डबक्याच्या कडेने जातो, आणि हातभर रुंदीची वाट दोन वर्षांत बैलगाडी जाईल एवढी होते. ५२ हेक्टर जंगलाची रोज राखण करतील एवढे पहारेकरी कुठलंही शहर नेमणार नाही. सह्याद्रीत पावसाळ्यात धबधब्यांवर जमावबंदीचे आदेश निघतात तेव्हा काय होतं, ते तुम्हाला माझ्याहून जास्त ठाऊक आहे.

बंदीची किंमत कोण देतं, हेही एकदा बोलायला हवं. क्रॉदर्स वुड्सपासून जवळच, खोऱ्याच्या काठावर, थॉर्नक्लिफ पार्क आहे. उंच इमारती, दाट वस्ती, बहुतेक कुटुंबं अलीकडच्या काळात दुसऱ्या देशांतून आलेली. माझ्यासारखीच, फक्त माझ्यापेक्षा कमी पगारावर आणि जास्त मुलं सांभाळत. तिथल्या बाराव्या मजल्यावरच्या मुलाला गॅलरीतून खाली जे हिरवं दिसतं ते त्याच्या वाट्याचं सगळं जंगल. त्याच्याकडे माझ्यासारखी महागडी सायकल नाही. असते ती मोठ्या भावाची गिअर अडकणारी सायकल, आणि त्यावरून तो त्या वाटेवर येतो, पडतो, परत येतो. अशी मुलं मी पाहिली आहेत आणि त्यांच्याकडे बघून नाक मुरडणारी माणसंही. ज्यांची उत्तरेला मस्कोकाच्या तळ्याकाठी कॉटेज आहे त्यांना शहरातली वाट बंद झाली तर काय फरक पडतो? ते शुक्रवारी संध्याकाळी गाडी काढतात. ‘जंगलाला माणसापासून विश्रांती हवी’ हे वाक्य मी सगळ्यात जास्त वेळा अशाच घरांतून ऐकलंय.

आणि ज्या गोष्टी या जंगलाला आतून खातायत त्यांच्यावर सभेत कुणी टाळ्या वाजवत नाही, कारण त्यात शत्रूला हेल्मेट नसतं. नॉर्वे मेपल हे झाड शहराने आणि नागरिकांनी शोभेसाठी रस्तोरस्ती, अंगणांत लावलं. त्याच्या बिया दरीत उतरल्या आणि आता त्याच्या गडद सावलीखाली स्थानिक रोपटी येत नाहीत. गार्लिक मस्टर्ड नावाचं तण आहे, युरोपातून आलेलं, ते वसंतातल्या फुलांची जागा घेतं. डॉग-स्ट्रँग्लिंग व्हाइन तर नावाप्रमाणेच गळा आवळत जाते. ही सगळी उपटायला माणसं लागतात, शेकडो हात, वर्षानुवर्षं. ती कुठून येणार? ज्यांचे पाय त्या जंगलात रोज जातात त्यांच्यातूनच ना?

म्हणून सायकलवाल्यांनी काय सोडायचं, ते मी आधी सांगतो. पाणथळ जागा आणि ट्रिलियमचे उतार यांच्यावरचा हक्क कायमचा सोडायचा, वाद न घालता. वितळणीच्या दिवसांत, जमीन घट्ट होईपर्यंत, सायकल घरात. तारखेवर नाही, मातीवर: टाच दाबली आणि ठसा उमटला तर परत फिरायचं. परवानगीशिवाय एक फावडंही मारायचं नाही, आणि मारणारा आपला मित्र असला तरी त्याला पाठीशी घालायचं नाही.

आणि शहराने काय द्यायचं, तर वाटेला वाट म्हणून पैसे. डांबरी रस्त्यावर खड्डा पडला तर ‘गाड्यांना बंदी करा’ असं कुणी म्हणत नाही, खड्डा बुजवतात. मातीच्या वाटेच्या डागडुजीला दरवर्षी ठरलेली रक्कम हवी, कामाची माहिती असलेली पगारी माणसं हवीत, आणि स्वयंसेवकांना वसंतापासून हिवाळ्यापर्यंत ठरलेले दिवस हवेत. जी वाट चुकीच्या जागी आहे ती जरूर बंद करा, पण नुसती पाटी ठोकून नाही. माती भुसभुशीत करा, वर फांद्या-पाला पसरा, स्थानिक रोपं लावा, आणि त्याच दिवशी पन्नास पावलांवर त्याच जागी पोचवणारी, आडव्या उताराची दुसरी वाट उघडा. जुन्या वाटेवरून जायचं कारणच उरलं नाही की लोक जात नाहीत. हे मी क्रॉदर्सच्या उतारावर पाहिलंय: एक जुनी उभी घसरण आता नेच्याखाली इतकी झाकली गेलीय की ती कुठे होती ते नवीन माणसाला दाखवावं लागतं.

काकांना मी पुढच्या श्रमदानाचा दिवस कळवलाय. ते म्हणाले, गुडघा दुखतो, पण गार्लिक मस्टर्ड उपटायला खाली बसावं लागत नसेल तर येतो. बसावं लागतं. मी अजून त्यांना सांगितलेलं नाही.